धक्क्यावरून दिसणारे सात

चूक माझीच. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी छाइगनवर किंवा तळ्यातल्या माशावर खापर फोडायला नको.

आमच्या पंचांगातल्या आठव्या महिन्यातली पौर्णिमा होती, चंद्राचा सण. या दिवशी सगळं हांगचौ तळ्याकाठी येऊन उभं राहतं, आणि तेवढी गर्दी कमी पडते म्हणून की काय, शांघायहूनही माणसं येतात. सगळ्यांना बघायचं असतं एकच. पाण्यात उभे असलेले तीन दगडी मनोरे, प्रत्येकाच्या पोकळ पोटात एक मेणबत्ती आणि पोटाला चहूबाजूंनी पाच गोल भोकं. भोकांवर पातळ कागद चिकटवला की आतल्या उजेडाने एकेक भोक एकेक चंद्र होऊन बसतं. ते कागद चिकटवायचं आणि मेणबत्त्या लावायचं काम सव्वीस वर्षं माझ्या वडिलांनी केलं. रुआन गनबाओ त्यांचं नाव. रिटायर होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. त्यातली शेवटची दोन वर्षं आपण रिटायर झालो आहोत हे त्यांच्या लक्षात राहत नव्हतं.

मी होडी चालवते. काठावरची हौशी माणसं माझ्या होडीत बसतात, मी वल्हं मारते आणि ती एकमेकांचे फोटो काढतात. सणाच्या दिवशी मला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि नेमक्या त्याच दिवशी आबा सकाळपासून अस्वस्थ. चपला घालायचे, काढायचे. दारात जायचे, बोट ओलं करून वर धरायचे आणि विचारायचे, "वारा कुठला आहे गं, आलिंग?" दहादा विचारलं. अकराव्यांदा मी वैतागले.

मग मला अक्कल सुचली. मी त्यांना जुन्या कागदाची गुंडाळी दिली, कात्री दिली, माप घ्यायला चहाची वाटी दिली. तांदळाच्या पिठाची खळही शिजवून दिली, तीही त्यांच्याच लाकडी वाडग्यात. म्हटलं, "पंधरा कापा, आबा." रडणाऱ्या लेकराला खुळखुळा द्यावा तसा. आणि काय सांगू, गरीब गाईसारखे बसले की हो! जीभ दातांत धरून कात्री चालवत होते. शेजारच्या फांग मावशीला मी लक्ष ठेवायला सांगितलं आणि धक्क्यावर निघून गेले. वाटेत स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

पंधरा कागद कापून झाल्यावर हा माणूस सव्वीस वर्षं पुढे काय करत आला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण अक्कल गहाण पडली की अशी पडते.

चार वाजता फांग मावशी धक्क्यावर धावत आली. एका पायात सपात, दुसरा पाय अनवाणी.

"आलिंग, आबा तुझ्याकडे आलेत का गं?"

"माझ्याकडे कसे येतील? तुझ्याकडे आहेत ना?"

"मी फक्त चुलीवरचं बदक उतरवायला आत गेले होते. देवाशप्पथ, तेवढंच. बाहेर येते तर कात्री आहे, कागदाचे तुकडे आहेत, आबा नाहीत."

"आणि वाडगा?"

"कसला वाडगा?"

"खळीचा!"

मावशीने तोंडावर हात ठेवला. वाडगाही नव्हता. त्याच क्षणी मला कळलं, आबा फिरायला गेले नव्हते. ते कामावर गेले होते.

होडीत चौघं जण बसलेले होते. त्यांना मी उतरवलं. एक जण म्हणाला, "आम्ही पैसे भरलेत." मी म्हटलं, "माझा बाप हरवलाय," तेव्हा तो उतरला. त्याच्या बायकोने माझ्या हातात चंद्राची पोळी ठेवली, डुकराच्या सारणाची, अजून गरम. मला ती पोळी फेकून द्यावीशी वाटली. दिली नाही.

माझा नवरा ताओ बागेच्या खात्यात आहे. बांधाच्या आतल्या तळ्यात कमळाची वाळकी पानं काढायची आणि शिंगाडे तोडायचे, हे त्याचं काम. त्यासाठी त्याच्याकडे एक लाकडी टब असतो. आमच्याकडे शिंगाडे टबात बसूनच काढतात. काथवटीसारखा बसका, माणूस मधोमध बसतो आणि हाताने पाणी मागे सारत पुढे जातो. जरा कललं की पाणी आत. मी बांधावरच्या पुलावर पोहोचले तेव्हा ताओ समोरून धावत येत होता.

"टब नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मी जेवायला गेलो होतो. खुंटीला बांधला होता. दोरी व्यवस्थित सोडलीय, आलिंग. पोरांनी नेला असता तर कापली असती."

दोरी व्यवस्थित सोडून, गुंडाळी करून खुंटीवर ठेवणारा माणूस मला माहीत होता. मला त्याने तसंच शिकवलं होतं.

एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, बुडाशी बोटभर जाड लाकूड, आणि बाहेरच्या तळ्यात सणाच्या दिवशी दोनशे होड्या. वर चारमजली नक्षीदार बोटी, ज्यांच्या एका लाटेने माझी होडीसुद्धा हेलकावे खाते. मी पुलाच्या कठड्याला धरून ओरडले, "आबा! ओ आबा!" गर्दीतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तळ्याकडे पाहिलं. तो पूल मी त्या संध्याकाळी तीनदा ओलांडला. तिन्ही वेळा मधोमध उभी राहून ओरडले.

चौकीत गेलो. तिथल्या पोलिसाने आबांचं नाव, वय, कपडे लिहून घेतले. निळा सदरा, राखाडी पँट. तो म्हणाला, "अशी माणसं घरीच परततात हो." त्या दुपारी हरवलेल्या सहा पोरांची नावं वहीत आधीच होती. आमचे आबा सातवे.

मी होडी घेऊन निघाले आणि ताओ काठाकाठाने चालत गेला. मी कमळांच्या कडेने पाहिलं, वेताच्या झुडपांत पाहिलं, तळ्यातल्या बेटाच्या मागच्या बाजूला पाहिलं. मनोऱ्यांच्या भोवती लाल तरंगत्या गोळ्यांची दोरी लावलेली असते, तिच्या कडेने दोनदा फिरले. तिन्ही मनोरे एकटे उभे होते. जवळून टब काय, बदकसुद्धा गेलं नव्हतं. दरवेळी एखादी लाकडी वस्तू पाण्यावर दिसली की मी वल्हं थांबवायचे. एकदा खोका निघाला, एकदा कुणाची तरी छत्री.

धक्क्यावर परत आले तेव्हा फांग मावशी तिथे उदबत्ती पेटवून उभी होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता आणि जीव थाऱ्यावर नसला की ती बोलते.

"तळ्यातला तो काळा मासा सणालाच कूस बदलतो, असं माझी आजी म्हणायची."

"मावशी, गप्प बस."

"अगं, खोटं नाही. पूर्वीच्या एका सुताराच्या बहिणीला पळवायला आला होता मेला. तिने भावाकडे हुंड्यात दगडी धूपपात्र मागितलं, आणि ते ओढत नेताना तोच त्याच्याखाली सापडला. तळाशी पालथं पडलंय ते पात्र. वर दिसतात ते मनोरे नाहीत, त्याचे तीन पाय आहेत. आबाच सांगायचे ना, दिवे चंद्रासाठी नसतात म्हणून? वर कुणीतरी जागं आहे हे माशाला कळावं म्हणून असतात."

आबा ते मला लहानपणी सांगायचे, मी झोपत नसे तेव्हा. आता मावशीच्या तोंडून ते ऐकवेना. मी तिच्यावर खेकसले, "माशाचं राहू दे! तू बदक उतरवत होतीस तेव्हा जागं कोण होतं?" ती रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण माफी मागायलाही माझ्याकडे वेळ नव्हता.

सूर्य डोंगरामागे गेला. तेवढ्यात छाइगनची नाव धक्क्याजवळून गेली. आबांनंतर दिव्यांचं काम छाइगनकडे आलं. पंचेचाळिशीचा, भला माणूस. फक्त खळ शिजवायचा कंटाळा करतो आणि बाटलीतला गोंद वापरतो. आबा त्यावरून त्याला शिव्या घालायचे.

"छाइगन दादा! आबा दिसले का? टबात आहेत, टबात!"

"आबा? टबात?" त्याने वल्हं थांबवलं. "मी आत्ता तिन्ही लावून आलो, आलिंग. तिथे कुणी नाही. शपथेवर सांगतो, चिटपाखरू नाही."

माझी शेवटची आशा तीच होती. ते मनोऱ्याकडेच जाणार, हे मी मनात धरून बसले होते. चार वाजता निघालेला माणूस दिवे लागले तरी तिथे पोहोचला नसेल, तर तो वाटेत कुठेतरी... मी पुढचा विचार केला नाही. पाण्याकडे पाहवेना, म्हणून वर पाहिलं. शहराच्या अंगाने चंद्र वर येत होता, तांबूस, मोठा. काठावर दहा हजार माणसं एका सुरात "ओऽऽ" म्हणाली. मला त्या सगळ्यांचा राग आला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. चित्रात पंधरा चंद्र दाखवतात. पंधरा वर, पंधरा पाण्यात, असं गाईड पोपटासारखं बोलतात. पण कुठल्याही एका जागेवरून पंधरा दिसत नाहीत. मनोरा गोल आहे, पलीकडची भोकं कशी दिसणार? आमच्या धक्क्यावरून सात दिसतात. डावीकडच्याचे दोन, मधल्याचे तीन, उजवीकडच्याचे दोन. लहानपणी आबा कामावरून येईपर्यंत मी इथेच बसून ते मोजायची. दोन, तीन, दोन. सात झाले की आबा घरी यायला निघाले. आईने मला ते अंगाईसारखं शिकवलं होतं.

म्हणून मी मोजले. मुद्दाम नाही, सवयीने.

दोन. तीन. एक.

डोळे पुसून पुन्हा मोजले. उजवीकडच्या मनोऱ्याला एकच चंद्र होता. पाण्यातही एकच.

"मावशी, उजवीकडे किती दिसतात?"

"एक. वाऱ्याने विझला असेल दुसरा."

"कसा विझेल?" माझा आवाज फाटला. "मावशी, आत एकच मेणबत्ती असते! विझली तर पाचही विझतील. एक भोक विझत नसतं!"

ती फळीच्या टोकापर्यंत पुढे सरकली.

"त्याच्यासमोर काहीतरी आहे," मी म्हटलं. "ताओ आला की त्याला इथेच बसव. सांग, सहा दिसतायत. सात होतात का बघत राहा म्हणावं."

माझी होडी हलकी आहे आणि मी ती चाळीस वर्षांच्या आयुष्यात इतक्या जोरात कधी वल्हवली नव्हती. दोरीपाशी पहाऱ्याची लाँच उभी होती. तिच्यातला माणूस भोंग्यातून ओरडला, "आत यायला बंदी आहे! बाई, मागे व्हा!"

"दादा, त्या मनोऱ्यावर माणूस आहे!"

"तिथे कुणी नाही. एक दिवा गेलाय फक्त."

"एक दिवा जात नसतो! रुआनची मुलगी आहे मी, रुआन गनबाओची. मेणबत्ती एक असते, भोकं पाच. तुम्हीच बघा ना!"

त्याने वळून भोकं मोजली. मग त्याने इंजिनाकडे हात नेला. "थांबा, मी लाँच घालतो."

"नको! लाट येईल. हात सुटतील त्यांचे."

माझ्या तोंडून हे निघालं तेव्हाच मला कळलं की मी काय समजून चालले आहे. त्या माणसाने इंजिनावरून हात काढला. त्याने वाकून दोरी पाण्याखाली दाबून धरली आणि माझी होडी वरून गेली.

जवळ गेले तसं आधी पाठ दिसली. निळा सदरा, आणि त्याच्या कडेकडेने मेणबत्तीची पिवळी रेघ. आबा मनोऱ्याच्या पायाशी असलेल्या दगडी कठड्यावर उभे होते, घोट्यापर्यंत पाण्यात. दोन्ही हातांनी त्यांनी मनोऱ्याला मिठी मारली होती आणि छाती त्या भोकावर दाबून धरली होती. टब कुठेच नव्हता.

मी होडी हळूच कडेला लावली, एका हाताने दगड धरला, दुसऱ्याने त्यांच्या कमरेचा पट्टा.

"आबा, या. होडीत या."

"कोण आहे?" त्यांनी मान वळवली नाही. "लाट करू नकोस."

"मी आलिंग. या ना. हात द्या."

"वेड लागलंय का तुला? मी सरकलो की विझेल."

"विझू दे!"

"विझू दे म्हणे!" ते खरेच चिडले. "वाऱ्याकडचं भोक आहे हे. त्या गोंदवाल्या गाढवाने कागद चिकटवला होता, तो अर्धा सुटला होता, फडफडत होता. मी काढला. नीट लावायला वर चढलो तर टब निघून गेला. वाडगाही गेला." मग आवाज बारीक झाला. "खळ नाही गं आता. कशाने लावू?"

मी पट्टा ओढला. ते दगडाला आणखी घट्ट बिलगले आणि त्यांचा एक पाय कठड्यावरून घसरला. मी किंचाळले. होडी कलली, पाणी आत आलं. आबांनी पाय पुन्हा वर घेतला, पण आता त्यांचा श्वास कुत्र्यासारखा चालला होता. ओढून ते येणार नव्हते. ओढलं तर आम्ही दोघंही पाण्यात, आणि बुडणाऱ्या बापाला एका हाताने वर धरायची ताकद माझ्यात नव्हती.

"कागद आहेत का?" मी विचारलं.

"सदऱ्यात. पंधरा."

खळ नव्हती. पण माझा दुपारचा डबा फळीखाली तसाच पडला होता. सकाळपासून मी घास खाल्ला नव्हता. मी डबा उघडला, गार भाताची मूठ घेतली आणि बोटांनी शितं चुरडली. घाईत अर्धी पाण्यात गेली. त्यांच्या सदऱ्यात हात घालून वरचा एक कागद काढला. तो कोरडा होता, शरीराच्या उबेने गरम झालेला. कडेने शितं लावली.

"आबा, मी एक-दोन-तीन म्हणते. तीनला तुम्ही फक्त डावीकडे सरका. सोडू नका, सरका."

"खालून लाव आधी. मग वर. मध्ये बोट लावायचं नाही."

"माहीत आहे मला!"

"माहीत आहे म्हणे. गेल्या वर्षी फाडलास."

गेल्या वर्षी नाही, तीस वर्षांपूर्वी. मी मोजलं. तीनला ते सरकले, वारा आत शिरला आणि मेणबत्तीची ज्योत आडवी पडून निळी झाली. मी खालची कड दाबली, वरची दाबली. कागद आत ओढला गेला, मग ताणला. ज्योत उभी राहिली. माझ्या नाकासमोर पिवळा गोल उजेड भरत गेला.

लांब काठावरून पुन्हा तेच "ओऽऽ" ऐकू आलं. या वेळी मला राग आला नाही.

आबा त्या गोलाकडे बघत होते. तपासत होते. मग आज्ञाधारक पोरासारखे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि होडीत पाय टाकला. मी त्यांना तळाशी बसवलं आणि माझं जाकीट पांघरलं. त्या बाईने दिलेली चंद्राची पोळी माझ्या जाकिटाच्या खिशात चिरडून गेली होती. ती त्यांनी खाल्ली. मी वल्हं मारत होते आणि रडत होते, आणि रडताना वल्हं वेडंवाकडं पडत होतं.

"कुठे होतात दुपारभर?" मी विचारलं.

"पुलाखाली. सूर्य गेल्याशिवाय दिवे लावायचे नसतात, एवढंही ठाऊक नाही तुला? कमानीत सावली छान होती." मग आठवल्यासारखं म्हणाले, "वर कुणीतरी बाई ओरडत होती. आबा, आबा करत. कुणाचे तरी आबा हरवले असतील बिचारीचे. सापडले का?"

"सापडले," मी म्हटलं.

"बरं झालं."

दोरीपाशी लाँचवरच्या माणसाने पुन्हा दोरी दाबून धरली. त्याने आबांना हात जोडले. आबांनी त्याला मान हलवून वाट दिली, जणू तळं त्यांचंच.

धक्क्याच्या थोडं अलीकडे आबा एकदम सदऱ्यात हात घालून कागद बाहेर काढू लागले. मांडीवर एकेक ठेवून मोजले. पुन्हा मोजले. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला.

"चौदाच आहेत, आलिंग. मी पंधरा कापले होते. एक पडला कुठेतरी. परत चल, परत चल."

"पडला नाही, आबा. तो लावला ना आपण."

"कुठे?"

मी होडी आडवी केली. ते वळले आणि बोट दाखवत मोजू लागले, ओठांतल्या ओठांत. दोन. तीन. दोन. पुढे धक्क्यावर ताओ उभा होता. तो फळीवर खाली बसला आणि फांग मावशीच्या आड तोंड लपवून हमसून रडायला लागला, कारण त्यानेही ते मघाशीच मोजले होते.

"सात," आबा म्हणाले. त्यांनी चौदा कागद नीट जुळवून परत सदऱ्यात ठेवले. "चला मग. घरी लेक वाट बघत असेल."